स्विच बसवताना: कुठली केबल कुठे, आणि का

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या मध्यम वर्कशॉपच्या ऑफिसात आज काय काय असतं बघा. टॅलीचे कॉम्प्युटर, ड्रॉइंगचा एक, प्रिंटर, दारात हजेरीचं थंब मशीन, खाली शॉपवर दोन-तीन सीएनसी आणि सगळीकडे कॅमेरे. इंटरनेटवाल्यानं बसवून दिलेल्या राउटरला मात्र केबल लावायला चारच जागा. पाचवी केबल आली की कुणीतरी सुचवतो, "स्विच टाका की एक." मग स्विच, म्हणजे नेटवर्कच्या बऱ्याच केबल एकमेकींना जोडणारी पेटी, येतो आणि टेबलाखाली जागा मिळेल तिथे बसतो. हाताला येईल ती केबल रिकाम्या पोर्टमध्ये जाते. लगेच सगळं चालतंही. काही दिवसांनी तक्रारी सुरू होतात: प्रिंट अडकतेय, टॅली हळू झालीय, "मालक, रात्रीचे कॅमेरे बंद पडल्यात बघा." अशा वेळी दोष स्विचवर जातो आणि नवा, महाग स्विच आणला जातो.

खरं तर नेटवर्कमधल्या सगळ्या यंत्रांत स्विच हे सगळ्यात कमी कुरकुर करणारं यंत्र. साध्या स्विचला कसलं सेटिंगही लागत नाही. पण तो आत काय करतो हे एकदा नीट कळलं, की कुठली केबल कुठे लावायची, किती पोर्टचा घ्यायचा, नेटवर्क ठप्प झालं तर आधी काय बघायचं, हे बरंचसं आपलं आपल्यालाच ठरवता येतं. म्हणून आधी तेच बघू.

स्विच आत काय करतो

नेटवर्कची केबल लागणाऱ्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक पत्ता मिळतो. त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. तो ४८ बिटांचा असतो आणि १२ आकडे-अक्षरांत लिहितात. थंब मशीनच्या किंवा कॅमेऱ्याच्या मागच्या स्टिकरवर बघा, सापडेल. केबलमधून माहिती जाते ती छोट्या छोट्या तुकड्यांत. या तुकड्याला फ्रेम म्हणतात आणि प्रत्येक फ्रेमवर दोन पत्ते असतात: कुणाला जायचंय आणि कुणी पाठवलंय.

पूर्वी हब नावाची पेटी असायची. एका पोर्टवर आलेली फ्रेम ती उरलेल्या सगळ्या पोर्टवर पाठवून द्यायची. ज्याची असेल तो घेईल, बाकीचे सोडून देतील. दोघे एकदम बोलले की टक्कर व्हायची आणि दोघांना परत पाठवावं लागायचं. कॉम्प्युटर वाढतील तशी गर्दी वाढायची. १९९० साली अमेरिकेतल्या कल्पना नावाच्या कंपनीनं इथरनेटचा पहिला स्विच बाजारात आणला. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे मूळ भारतीय आणि कंपनीचं नाव त्यांच्या पत्नीचं. १९९४ साली सिस्कोनं ही कंपनी विकत घेतली. आज टेबलावर मावणारा पाच पोर्टचा स्विचही त्याच तत्त्वावर चालतो.

राजारामपुरीत नवा पोस्टमन आला आहे असं समजा. कुठल्या घरात कोण राहतं ते त्याला ठाऊक नाही आणि कुणी यादीही दिलेली नाही. पण एखाद्या दारातून कुणी पत्र टाकायला दिलं की पाठीमागचं पाठवणाऱ्याचं नाव वाचून तो वहीत लिहितो: हा माणूस या दारात. पुढे त्या माणसाचं पत्र आलं की ते थेट त्याच दारात. ज्याचं नाव वहीत नाही त्याचं पत्र आलं, तर तो सगळ्या दारांत विचारत फिरतो. स्विच अगदी हेच करतो. पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून शिकतो, नेमक्या पोर्टवर पोचवतो आणि माहीत नसेल तर, ज्या पोर्टवरून फ्रेम आली तो सोडून, बाकी सगळीकडे पाठवतो. एखादं यंत्र काही वेळ गप्प राहिलं की त्याची नोंद पुसून टाकतो. बहुतेक स्विचमध्ये ही मुदत ५ मिनिटांची असते. म्हणूनच केबल एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावली तरी काही बिघडत नाही. यंत्रानं एक फ्रेम पाठवली की नवी नोंद होते.

काही फ्रेम मात्र मुद्दाम सगळ्यांसाठी असतात. त्यांना ब्रॉडकास्ट म्हणतात. "अमुक आयपी कुणाचा आहे?" हा प्रश्न कॉम्प्युटर असा सगळ्यांना विचारतो. (आयपी म्हणजे यंत्राला नेटवर्कमध्ये वापरायला दिलेला, बदलता येणारा पत्ता.) हे लक्षात ठेवा, पुढे लूपच्या, म्हणजे केबलचं वर्तुळ होतं त्या, वेळी उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. स्विच इंटरनेट देत नाही आणि आयपी पत्ताही वाटत नाही. ही दोन्ही कामं राउटरची. जुना राउटर घरात पडून आहे म्हणून तोच स्विचसारखा लावला, तर तोही आयपी वाटायला लागतो. मग अर्ध्या कॉम्प्युटरांना एकाकडून पत्ता मिळतो, अर्ध्यांना दुसऱ्याकडून, आणि "काल चालत होतं, आज चालत नाही" हा खेळ सुरू होतो. तो राउटर वापरायचाच असेल तर त्याच्यातलं डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटण्याची सोय, बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी बदला आणि केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टला न लावता लॅन (आतल्या यंत्रांच्या) पोर्टला लावा.

किती पोर्टचा, आणि एक की दोन

कागद घ्या आणि मोजा. आपल्या या वर्कशॉपमध्ये ६ कॉम्प्युटर, १ प्रिंटर, १ थंब मशीन, ३ सीएनसी, वायफायचा १ अ‍ॅक्सेस पॉइंट, राउटरकडून येणारी १ केबल. झाले १३. शिवाय ८ कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर. एकूण २२. सरळ हिशोब म्हणतो, २४ पोर्टचा एक स्विच घ्या.

मी दोन घेईन. ऑफिससाठी १६ पोर्टचा गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा (सेकंदाला १००० मेगाबिट), आणि कॅमेऱ्यांसाठी ८ पोर्टचा पीओई, म्हणजे केबलमधूनच वीजही देणारा, स्विच. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच ८ पोर्टच्या पीओई स्विचना कॅमेऱ्याची आठ पोर्ट आणि वर दोन जादा गिगाबिट पोर्ट असतात. आता एनव्हीआर कुठे लावायचा? तो ऑफिसच्या टेबलावर आहे म्हणून ऑफिसच्या स्विचला लावला जातो आणि इथेच चुकतं. ४ मेगापिक्सलचा एक कॅमेरा साधारण ४ ते ६ एमबीपीएस दिवसरात्र सोडत असतो. आठांचे झाले ३२ ते ४८. हा सगळा प्रवाह दोन स्विचमधल्या एकाच केबलवरून ऑफिसच्या स्विचमधून जाईल. ती केबल किंवा तिच्या टोकाचं पोर्ट १०० एमबीपीएसचं निघालं, तर निम्मा रस्ता कॅमेऱ्यांनीच अडवला. एनव्हीआर कॅमेऱ्यांच्याच स्विचवरच्या जादा पोर्टला लावा. स्विच फ्रेम थेट त्याच पोर्टवर पोचवतो, त्यामुळे रेकॉर्डिंगचा प्रवाह त्या पेटीच्या बाहेर पडतच नाही. उरलेलं दुसरं जादा पोर्ट ऑफिसच्या स्विचला जोडा. त्यावरून फक्त कुणी कॅमेरा बघायला बसलं तरच चित्र येईल.

यात ऑफिसच्या स्विचची १४ पोर्ट भरली, दोन शिल्लक राहिली. दोन म्हणजे कमीच. जागा आणि खिसा परवानगी देत असेल तर २४ चाच घ्या, कारण वर्षभरात एखादं मशीन आणि एखादा माणूस वाढतोच. पोर्ट कमी पडले की लोक एका स्विचला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे लटकवत जातात. मधला एक बंद पडला की पुढचं सगळं बंद. प्रत्येक छोटा स्विच थेट मुख्य स्विचला जोडा.

पीओई म्हणजे त्याच केबलमधून वीज. साध्या प्रकारात स्विच एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो, त्यातले १२.९५ यंत्रापर्यंत पोचतील असं धरतात. त्यापुढच्या प्रकारात, ज्याला पीओई प्लस म्हणतात, ३० वॅट. पण खोक्यावर आणखी एक आकडा बारीक अक्षरात असतो, तो आधी वाचा: सगळ्या पोर्टना मिळून एकूण किती वॅट. तो ६० असेल तर आठ कॅमेऱ्यांना प्रत्येकी साडेसातच आले. दिवसा कॅमेरा त्याहून कमी घेतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, मागणी वाढते, बेरीज साठच्या वर जाते आणि एक-दोन कॅमेरे बंद होतात किंवा चालू-बंद होत राहतात. सकाळी सगळे ठीक! वर मालकाला सांगितलेली ती रात्रीची तक्रार अनेकदा हीच असते. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दिव्यांसह किती वॅट लागतात ते लिहिलेलं असतं. आठांची बेरीज करा आणि वर थोडी मोकळीक ठेवून स्विच निवडा.

केबल: पैसे इथे वाचवू नका

स्विच नंतर बदलता येतो. भिंतीतून, पत्र्याखालून ओढलेली केबल कुणी बदलत नाही. म्हणून नव्या कामाला कॅट-६ घ्या. गिगाबिटला कॅट-५ई सुद्धा पुरते, पण फरक फार मोठा नसतो. ३०५ मीटरचा बॉक्स घेताना त्यावर सीसीए लिहिलंय का ते बघा. सीसीए म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम. बॉक्स उचलला की हलका लागतो. शंका असेल तर एक तार सोलून ब्लेडनं खरवडा. आत पांढरट चमक दिसली तर ती केबल परत द्या. अ‍ॅल्युमिनियमचा अडथळा जास्त, लांब अंतरावर सिग्नल कमजोर होतो, पीओईची वीज वाटेतच वाया जाऊन केबल तापते आणि तार दोन-चारदा वाकवली की तुटते.

स्विच ते यंत्र हे अंतर १०० मीटरच्या आत हवं. त्यात भिंतीतली पक्की केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या छोट्या पॅच केबल मिळून १०, असा हिशोब धरतात. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ऑफिसपासून मागची शेड याहून लांब असेल तर तांब्याचा नाद सोडा आणि फायबर टाका. फायबरचा दुसरा फायदा आपल्याकडे फार मोलाचा आहे. त्यातून वीज वाहत नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा विजा कशा कडाडतात ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल गेली असेल, तर जवळ पडलेल्या विजेचा झटका तिच्यातून थेट स्विचमध्ये येतो आणि तिथून पुढच्या यंत्रांपर्यंत पोचू शकतो.

शॉपवर केबल नेताना ती मोटारच्या, व्हीएफडीच्या (मोटारचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आणि वेल्डिंगच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. वीतभर तरी अंतर ठेवा आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. शिल्डची, म्हणजे आत धातूचं आवरण असलेली, केबल घेतली तर तिच्या शिल्डला अर्थिंग मिळालंच पाहिजे, नाहीतर जादा पैसे देऊन काही साधत नाही.

टोकाला जॅक क्रिम्प करताना, म्हणजे दाबून बसवताना, रंगांचा क्रम दोन्ही बाजूंना एकच ठेवा. आपल्याकडे बहुतेक जण बी पद्धत वापरतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकची खिट्टी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबल आपल्याकडे येईल असा जॅक धरला तर हा क्रम डावीकडून उजवीकडे. तारांच्या जोड्यांना जो पीळ असतो तो शोभेसाठी नाही. त्यानंच बाहेरचा त्रास कापला जातो. म्हणून पीळ जेवढा लागेल तेवढाच, अर्ध्या इंचाच्या आत सोडवा आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत जाऊन दाबलं जाईल असं बघा. कॅट-६ ला जॅकही कॅट-६ चाच घ्या.

एक बारकी गोष्ट खूप वेळ वाचवते. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसली नसेल तर यंत्र बंद पडत नाही. ते गुपचूप १०० वर उतरून चालत राहतं आणि कुणाला कळत नाही. म्हणून क्रिम्पिंग झाल्यावर टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागतात का ते बघा. मगच केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा. हे काम आत्ता पाच मिनिटांचं असतं. दोन वर्षांनी तेच करायला एक अख्खा दिवस आणि दोन माणसं लागतात.

जागा

पंचगंगेच्या पुराचं गणित आपल्याला पाठ आहे: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ ला सखल भागातल्या तळमजल्यांत पाणी शिरलं. तुमचा भाग तसा असेल तर स्विच, राउटर आणि एनव्हीआर वरच्या मजल्यावरच बसवा. तो पर्याय नसेल तर निदान छताजवळ भिंतीवर रॅकची पेटी ठोका. फरशीवर ठेवलेला स्विच पूर नसतानाही फडक्याच्या पाण्यानं आणि झाडूच्या धक्क्यानं मरतो.

फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये याहून मोठा शत्रू म्हणजे पूड. बिडाचं कास्टिंग टर्न करताना उडणारी काळी पूड वीजवाहक असते. ती रिकाम्या पोर्टमध्ये आणि हवेच्या झरोक्यांतून आत जाते आणि तिथल्या तेलकट ओलाव्याबरोबर चिकटून बसते. शॉपवर स्विच ठेवावाच लागला तर पंखा नसलेला घ्या, बंद पेटीत ठेवा आणि रिकाम्या पोर्टना रबरी टोप्या लावा. पेटी उन्हाच्या भिंतीवर किंवा भट्टीच्या बाजूला नको, कारण बंद पेटीत उष्णता साठते.

छोटा साधा स्विच जेमतेम काही वॅट घेतो. फायबरचा मोडेम, राउटर आणि स्विच एकाच लहान यूपीएसवर घेतले तर वीज गेल्यावरही बराच वेळ नेट चालू राहतं. पीओई स्विचला मात्र कॅमेऱ्यांसकट हिशोब करून यूपीएस निवडा. रॅकला अर्थिंग हवंच, तिथे चालढकल नको.

जोडणी आणि पहिली तपासणी

आता खरोखर फारसं काही उरत नाही. राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल स्विचच्या कुठल्याही पोर्टला लावा आणि स्विच चालू करा. मग एकेक यंत्र जोडत जा आणि प्रत्येक वेळी पोर्टवरचा दिवा बघा. दिवा लागला म्हणजे केबल आणि दोन्ही टोकं जिवंत आहेत, लुकलुकला म्हणजे माहिती वाहतेय. बऱ्याच स्विचमध्ये गिगाबिट आणि १०० यांचे रंग वेगळे असतात, कोणता कशाचा ते पुस्तिकेत दिलेलं असतं. मग कॉम्प्युटरवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड आणि आयपी बघा. आयपी १९२.१६८ नं सुरू होत असेल तर बहुधा ठीक. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरपर्यंत विचारणा पोचलीच नाही आणि कॉम्प्युटरनं स्वतःच तात्पुरता पत्ता घेतलाय. प्रिंटर, एनव्हीआर आणि थंब मशीन यांचे आयपी राउटरमध्ये कायमचे बांधून टाका, म्हणजे राउटर बंद-चालू झाल्यावर प्रिंटर हरवणार नाही.

लूप: सगळं एकदम ठप्प होतं तेव्हा

टेबलाखाली एक केबल लोंबकळताना दिसते. साफसफाई करणारा किंवा एखादा उत्साही पोरगा ती समोरच्या रिकाम्या पोर्टमध्ये घालतो. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. काही सेकंदांत अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क बसतं.

कारण त्या ब्रॉडकास्ट फ्रेम. एका पोर्टवरून आलेली फ्रेम स्विच बाकी सगळीकडे पाठवतो. ती त्या केबलमधून बाहेर पडते आणि दुसऱ्या टोकानं त्याच स्विचमध्ये परत येते. स्विचला वाटतं नवी आली, तो ती पुन्हा सगळीकडे पाठवतो. इथरनेटच्या फ्रेमला वय नसतं, किती फेऱ्या झाल्या की मरायचं असा हिशोबच त्यात नाही. त्यामुळे ती फिरत राहते, वाढत राहते आणि खऱ्या कामाला जागा उरत नाही. वहीतल्या नोंदीही बिघडतात, कारण एकच पत्ता कधी या पोर्टवरून येतो, कधी त्या. ओळखायची खूण सोपी आहे: स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत, न थांबता, वेड्यासारखे लुकलुकतात. एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतात ती दोषी.

यावर १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. स्विच आपसांत बोलून कुठे वर्तुळ तयार झालंय ते ओळखतात आणि एक रस्ता बंद ठेवतात. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणाऱ्या, स्विचमध्ये ती असते, साध्या स्वस्त स्विचमध्ये सहसा नसते. काही स्वस्त स्विचमध्ये लूप अडवण्याची छोटी सोय असते. घेताना विचारा.

मॅनेज्ड स्विच लागतो का?

चार-पाच कॉम्प्युटरच्या दुकानाला नाही लागत. पण कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय आणि हिशोबाचे कॉम्प्युटर एकाच जागी असतील तर लागतो, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे अपडेट होत नाही. असा कॅमेरा आणि ज्यावर जीएसटी भरला जातो तो कॉम्प्युटर एकाच नेटवर्कात असणं बरं नाही. मॅनेज्ड स्विचमध्ये व्हीलॅन करता येतात. एकाच पेटीत दोन-तीन वेगळे स्विच असल्यासारखं काम चालतं आणि एकाची ब्रॉडकास्टही दुसऱ्यात जात नाही. दोन व्हीलॅनना एकमेकांशी बोलायचं असेल तर राउटरमधून जावं लागतं आणि कुणाला जाऊ द्यायचं ते तिथे ठरवता येतं. त्यासाठी राउटरलाही व्हीलॅन कळायला हवेत. इंटरनेटवाल्यानं फुकट दिलेल्या राउटरला ते बहुधा कळत नाहीत, हे खरेदीआधीच तपासा.

सेटिंगसाठी लॅपटॉप केबलनं स्विचला जोडायचा, स्विचच्या तळाशी लिहिलेला आयपी बघायचा आणि लॅपटॉपला हातानं त्याच मालिकेतला पत्ता द्यायचा. समजा स्विच १९२.१६८.०.१ वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.०.५०. मग ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाकला की त्याचं पान उघडतं. पहिलं काम पासवर्ड बदलणं. दुसरं, राउटरच्या आयपीशी टक्कर होणार नाही असा पत्ता स्विचला देणं. मग व्हीलॅन. टॅग म्हणजे फ्रेम कुठल्या व्हीलॅनची ते सांगणारी खूण. एका यंत्राचं पोर्ट एकाच व्हीलॅनचं आणि टॅग नसलेलं ठेवायचं. दोन स्विचमधलं किंवा स्विच आणि राउटर यांच्यातलं पोर्ट सगळ्या व्हीलॅनचं आणि टॅगवालं. ज्या पोर्टवर तुमचा लॅपटॉप आहे ते अगदी शेवटी बदला, नाहीतर आपणच बाहेर राहतो आणि रिसेटचं बटण दाबून सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

बऱ्याच स्विचमध्ये केलेला बदल लगेच लागू होतो, पण सेव्हचं वेगळं बटण दाबल्याशिवाय तो टिकत नाही. वीज जाऊन आली की सगळं पुसलेलं. म्हणून सेव्ह करा, मग मुद्दाम स्विचची वीज काढून परत द्या आणि प्रत्येक व्हीलॅनमधलं एकेक यंत्र चालतंय का तपासा. चालत असेल तर सेटिंगची फाईल उतरवून घ्या. ती पेनड्राइव्हवर ठेवा आणि कुठल्या पोर्टला कुठल्या नंबरची केबल, कुठलं यंत्र आणि कुठला व्हीलॅन, एवढं कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा.